फुटबॉल क्लबमध्ये कोच व्हायला लायसन्स लागतं की ओळख?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे एएफसी सी लायसन्स आहे (आशियाई फुटबॉल महासंघाचं कोचिंग लायसन्स, त्याच्या वरची पायरी बी), वर्षभर क्लबांना आणि अकॅडम्यांना अर्ज पाठवताय, एकाचंही उत्तर येत नाही, आणि ज्याची निवड होते तो हमखास कुणाच्या तरी ओळखीतला निघतो. मग लायसन्सवर पैसे घालवायचे कशाला?

सरळ उत्तर आधीच देऊन टाकतो, नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जाईल. सी वर सिनियर टीमचं नाव काढू नका. तेरा किंवा पंधरा वर्षांखालची पोरं मिळाली तर घ्या, तिथं दोन-तीन हंगाम काढा, बी करा. क्लब लायसन्सिंगच्या नियमांमुळं क्लबांना युवा संघांवरही लायसन्सवाले कोच ठेवावे लागतात, त्यामुळं कागदाला किंमत आहे. कागद नसेल तर तुमचं नाव यादीत येत नाही. आणि आलं तरी पुढं काय होतं, ते आता सांगतो. यावर मला बोलायचंच आहे, कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही.

मी कोल्हापूरचा. पेठेत वाढलो, तालमीकडून (आमच्याकडं तालमींचेच फुटबॉल संघ असतात) केएसए लीग, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग, खेळलो, गुडघा गेला तेव्हा कोचिंगकडं वळलो. आमच्याकडं कोच नेमायची पद्धत कशी, तर तालमीचा एखादा जुना खेळाडू, ज्याचा शब्द पोरं ऐकतात, त्याला सांगायचं, ‘यंदा तू बघ.’ जाहिरात नाही, मुलाखत नाही. पाटाकडील तालमीचा माणूस शिवाजी तरुण मंडळाला कोच म्हणून का घेत नाहीत, हे शाहू स्टेडियमबाहेर कुणाला तरी विचारून बघा, तुम्हाला चहासुद्धा मिळणार नाही. शंभर टक्के ओळखीचा कारभार. आणि मला त्यात काडीचंही गैर वाटत नाही, कारण तिथं खुल्या निवडीचं सोंग कुणी आणत नाही. पैसेही फारसे नसतात, हा भाग वेगळा.

बी झाल्यानंतर पश्चिम भारतातल्या एका व्यावसायिक क्लबची जाहिरात बघितली. नाव घेत नाही. रिझर्व्ह टीमला, म्हणजे मुख्य संघाखालच्या राखीव टीमला, कोच पाहिजे होता. पात्रता बी, युवा संघांचा अनुभव, स्थानिक भाषा येत असल्यास प्राधान्य. जाहिरात माझं माप घेऊन लिहिल्यासारखी वाटत होती. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पतसंस्थेत आहेत. त्यांच्या एका साहेबांची त्या क्लबच्या पदाधिकाऱ्याशी ऊठबस. दाजी म्हणाले, ‘आरं, मुलाखतीआधी एकदा साहेबांबरोबर जाऊन भेटून ये. रिकाम्या हातानं जाऊ नको. कापशीचा एक चांगला जोड घे.’ मी म्हणालो, मी सेशन दाखवायला चाललोय, चपला नाही. दाजी हसले आणि गप्प बसले. त्यांचं ते हसणं अजून माझ्या डोक्यात आहे.

ग्राउंडवर आम्ही चौघं. प्रत्येकाला वीस मिनिटं, क्लबचीच अठरा वर्षांखालची पोरं, आणि विषय दिलेला: समोरचे वर येऊन प्रेस करतायत, म्हणजे अंगावर येऊन दाब टाकतायत, तर मागून बिल्ड-अप कसा करायचा, म्हणजे गोलकीपरपासून पास देत बॉल पुढं कसा न्यायचा. माझ्या वेळेला बिब, म्हणजे टीम ओळखायला घालायची रंगीत जाकिटं, कमी पडले. किटमन म्हणाला, स्टोअरमध्ये डाव्या रॅकवर आहेत, घ्या. उजव्या रॅकवर स्टाफचे नवे पोलो शर्ट प्लॅस्टिकमध्ये घडी घालून ठेवले होते. स्टाफच्या शर्टावर छातीशी नावाची आद्याक्षरं छापतात, तुम्हाला माहीतच असेल. हेड कोचचा शर्ट, ट्रेनरचा, फिजिओचा, आणि एक शर्ट असा की त्यावरची अक्षरं तिथल्या स्टाफपैकी कुणाचीच नव्हती. ती बाहेर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या उमेदवाराची होती. साइझसुद्धा त्याचाच, डबल एक्सएल.

मी बिब घेतले, बाहेर आलो, आणि सेशन घेतलं. चांगलं घेतलं. चार विरुद्ध दोनच्या रॉन्डोनं सुरुवात (चौघांनी आपसात पास द्यायचे, मधल्या दोघांनी बॉल हिसकवायचा), मग गोलकीपर धरून सहा विरुद्ध चार, दोन्ही सेंटर बॅक रुंद आणि सहा नंबर, म्हणजे बचावासमोरचा मिडफिल्डर, मधे खाली. डावीकडचा एक पोरगा बॉल आला की डोळे झाकून परत गोलकीपरकडंच द्यायचा. त्याला थांबवला. म्हटलं, पास यायच्या आधी एकदा खांद्यावरून मागं बघ आणि अंग अर्धं उघडं ठेव. तीन वेळा चुकला. मग एकदा त्यानं बघितलं, वळला आणि प्रेसच्या दोन माणसांमधून सरळ मिडफिल्डला पास घातला. पोरं ओरडली. निवड समितीतले एक गृहस्थ तेव्हा फोनवर कुणाला तरी जेवणाची ऑर्डर सांगत होते. शर्टवाल्या साहेबांनी त्यांच्या वेळेला दोन गोल लावले, पोरांची मॅच लावून दिली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बिल्ड-अपचा ब सुद्धा नाही.

मग आत मुलाखत. पहिला प्रश्न: ‘कोल्हापूरचे का? तिकडं मॅचला मारामाऱ्या फार होतात ना?’ होतात. पण मी रिझर्व्ह टीम मागायला आलो होतो, बंदोबस्त नाही.

लग्न आधीच ठरलेलं असताना कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठेवायचा आणि बाकीच्या तीन स्थळांना स्वतःच्या भाड्यानं बोलवायचं, असला तो प्रकार. निवड झाली नाही हे कळवायचं सौजन्यही दाखवलं नाही. पुढं समजलं की निवडलेला माणूस हेड कोचचा डिपार्टमेंटल टीमच्या दिवसांतला रूम पार्टनर.

नंतर अमेरिकेतली ब्रायन फ्लोरेसची बातमी वाचली तेव्हा मला तो शर्टच आठवला. तो फुटबॉल वेगळा, हातात धरून पळायचा, पण कारभार ओळखीचाच. त्यांच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये २००३ पासून रूनी रूल आहे: हेड कोच नेमताना अल्पसंख्य समाजातल्या उमेदवाराची मुलाखत घ्यावीच लागते. फ्लोरेस कृष्णवर्णीय. न्यूयॉर्क जायंट्सकडं त्याची मुलाखत व्हायच्या तीन दिवस आधी त्याचा जुना बॉस बिल बेलिचिक याचा अभिनंदनाचा मेसेज त्याला आला. मेसेज जायचा होता दुसऱ्या ब्रायनला, ब्रायन डेबॉलला. नोकरी डेबॉललाच मिळाली. १ फेब्रुवारी २०२२ ला फ्लोरेसनं लीगवर आणि क्लबांवर दावा लावला. जायंट्सनं आरोप फेटाळले. पण नियम असा पाळता येतो की मुलाखतही होते आणि निवडही आधीच ठरलेली असते, हा संशय त्या एका मेसेजनं कायमचा मागं लागला.

आता दाजींसारख्यांचा नेहमीचा मुद्दा: ‘हेड कोच आपला माणूस आणणारच की.’ आणणारच. आणावाच. हरला तर नोकरी त्याची जाते, मग शेजारी कोण बसणार हे त्यालाच ठरवू द्या. सहायक, गोलकीपर कोच, फिटनेसवाला ही त्याचीच माणसं असणार. डेव्हिड मोयेस २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला तोच मुळी फर्ग्युसनच्या पसंतीनं, आणि आल्या आल्या फर्ग्युसनचे सहायक फेलन आणि म्युलेनस्टीन गेले आणि त्यानं एव्हर्टनचा आपला स्टाफ आणला. सहा वर्षांचा करार, दहा महिन्यांत घरी. इटालियन कोच कार्लो अँचेलोटीचा मुलगा दाविदे वर्षानुवर्षं बापाचा सहायक होता. कुणी बोंब मारत नाही, कारण सगळं उघड आहे.

पण रिझर्व्ह आणि अकॅडमी ही हेड कोचची मालमत्ता नव्हे. तो आपल्याकडं सरासरी किती टिकतो ते तुम्ही बघताच. ती पोरं क्लबची असतात, चार-पाच वर्षांसाठी असतात. तिथला माणूस क्लबनं निवडायचा, आणि हेड कोच बदलला तरी तो राहायचा. माझ्या गोष्टीत काय झालं? हंगाम अर्ध्यावर असताना निकाल बिघडले, हेड कोचला नारळ दिला, आणि त्याच आठवड्यात त्याचा रूम पार्टनरही बॅग भरून गेला. रिझर्व्हची पोरं उरलेला हंगाम गोलकीपर कोचच्या ताब्यात. त्यात आमच्याकडची दोन पोरं होती, त्यातल्या एकाचा फोन आला होता: ‘सर, आमचं प्लॅनिंग आता कोण करतंय?’ मी काय सांगणार?

रूम पार्टनर वाईट कोच होता असं मी म्हणत नाही. पोरांना तो आवडायचा. जाहिरात न काढता त्याला सरळ नेमलं असतं तर मी ‘बरं’ म्हणून घरी बसलो असतो आणि तिकिटाचे पैसे वाचले असते.

ओळख म्हटलं की आपण फक्त साहेब आणि चपला धरतो. वरच्या पातळीवर ओळख म्हणजे एजंट. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ ला सुरू झाली. पहिला कायमस्वरूपी भारतीय हेड कोच, खालिद जमील, नेमायला नॉर्थईस्ट युनायटेडला २०२१ उजाडलं. हा माणूस मुंबई एफसीत २००९ पासून सात वर्षं राबला, तिथून गेला आणि ऐझॉलला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली. ऐझॉल, मिझोरमचा छोटासा क्लब! एवढं करूनही आधी हंगामी म्हणून वापरला, टीम प्लेऑफला पोचवून दाखवली तेव्हा कुठं खुर्ची दिली. दरम्यान परदेशातून किती जण आले आणि गेले त्यांची नावं चाहत्यांनाही आठवत नाहीत. तिथं लायसन्स कमी पडलं नव्हतं. ज्यांच्या फोनवर मालक विश्वास ठेवतात, त्यांच्या यादीत तो नव्हता.

अर्जांच्या ढिगाचंही फार मनावर घेऊ नका. २०२५ मध्ये भारतीय संघाच्या कोचपदासाठी १७० अर्ज आले, त्यात झावी आणि पेप ग्वार्डिओलाच्या नावाचे ई-मेल खोटे निघाले, आणि हे महासंघाला जाहीर सांगावं लागलं. शेवटच्या तिघांत खालिद, दोनदा हे पद भूषवलेला स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचा स्टेफान टार्कोविच. म्हणजे तिघांत एक आधीच घरातला. १ ऑगस्टला खालिदला नेमलं. २०११-१२ मध्ये सॅव्हियो मेदेरा होता, त्यानंतर पहिला भारतीय. ही निवड मला पटली, म्हणून पद्धत पटली असं नाही. पण निदान शेवटची तीन नावं आधी लोकांसमोर होती, त्यावर भांडता आलं. क्लबांमध्ये तेवढंही नसतं.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. आज मी ज्या अकॅडमीत आहे तिथं मी जाहिरातीतून आलो नाही. बी च्या कोर्सला माझ्या ग्रुपमध्ये असलेल्या एकानं माझं नाव दिलं. मग हा वशिला नाही का? दाजींनी हे मला ऐकवायची एकही संधी सोडलेली नाही. माझं म्हणणं असं: त्या माणसानं मला कोर्सभर सेशन घेताना पाहिलं होतं, माझं एक सेशन पार फसलेलंही पाहिलं होतं, आणि तरी नाव दिलं. दाजींच्या साहेबांनी मला कधी मैदानावर बघितलंच नव्हतं. कामाची ओळख आणि माणसाची ओळख यांत हा फरक आहे, आणि तो मला भाच्याच्या मुंजीत सगळ्या पाहुण्यांसमोर सांगता आला नाही म्हणून इथं सांगतोय.

तेव्हा तुम्हीही लोकांना भेटा, जरूर भेटा. कोर्सला गेलात की संध्याकाळी खोलीत बसू नका, दुसऱ्यांची सेशन उभं राहून बघा, आपली बघू द्या. जिथं पोरं शिकवताय तिथं इतर कोचना बोलवा. अर्जाला दहा पानी सीव्ही जोडण्यापेक्षा एका सेशनचा सलग व्हिडिओ जोडा, कापाकापी न करता, तुमचा आवाज ऐकू येईल असा. (हे मी पश्चिम भारतातल्या अनुभवावरून सांगतोय. केरळ, बंगाल, ईशान्येकडं चित्र वेगळं असू शकेल. महिला संघांचा मला अनुभव नाही. आणि २०२५ मध्ये आयएसएलचंच भवितव्य टांगणीला लागल्यावर काही क्लबांनी पगार थांबवले होते, हेही लक्षात असू द्या.)

आणि मुलाखतीला बोलावणं आलं की तिकीट काढायच्या आधी क्लबला एक फोन करा आणि सरळ विचारा: हे पद हेड कोच भरतोय की क्लब, आणि हेड कोच गेला तर या पदाचं काय? गुळमुळीत उत्तर आलं तर जाऊ नका. दाजी म्हणतात असला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव लोक लक्षात ठेवतात. ठेवू देत.