इंग्लंडमध्ये वृद्धांसोबत समाजकार्य : धुळ्याहून येऊ इच्छिणाऱ्या सहकाऱ्यास उत्तर

आपण लिहिले आहे की एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झाल्यापासून आपण धुळ्याजवळच्या एका वृद्धाश्रमात काम करत आहात, इंग्लंडमध्ये सोशल वर्कर म्हणून येण्याचा विचार पक्का होत आला आहे, आणि तिथल्या जाहिरातींत ‘स्ट्रेंग्थ्स-बेस्ड प्रॅक्टिस’ (माणसाच्या बलस्थानांवर आधारलेली कामाची पद्धत) हे शब्द वारंवार दिसतात. ही पद्धत म्हणजे नेमके काय, खान्देशातला अनुभव तिच्यात धरला जातो का, आणि निघण्यापूर्वी काय करावे, असे आपले प्रश्न आहेत. मी मूळची अमळनेर तालुक्यातली असून उत्तर इंग्लंडमधील एका कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, प्रौढ-सेवा विभागात हेच काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी एक गल्लत दूर करू, कारण तिच्यापायी लोकांचे पैसे बुडतात. ‘केअर वर्कर’ आणि ‘सोशल वर्कर’ या दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या आहेत. पहिली प्रत्यक्ष शुश्रूषेची आहे आणि तिच्यासाठी परदेशातून नवीन व्हिसा देणे ब्रिटिश सरकारने 22 जुलै 2025 पासून बंद केले आहे. तरीही कोणी एजंट ती दाखवून पैसे मागत असेल तर त्याच्या ओट्यावरूनही जाऊ नका. दुसरी नोंदणीकृत व्यवसायाची आहे. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे आणि ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेकडे नाव नोंदवल्याशिवाय ते लावता येत नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या संस्था निराळ्या आहेत, तेव्हा कुठे जायचे ते आधी ठरवावे.

आता मूळ विषय. या विचाराची जडणघडण 1980च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात झाली. दीर्घ मानसिक आजार असलेल्या माणसांसोबत काम करताना चार्ल्स रॅप, ॲन विक, डेनिस सॅलीबी आदी अभ्यासकांनी असे मांडले की माणसाच्या लक्षणांची आणि उणिवांची यादी कितीही लांबवली तरी त्या यादीतून त्याचे पुढचे आयुष्य उभे राहत नाही. ते उभे राहते त्याच्या इच्छा, कौशल्ये, नाती आणि भोवतालचा समाज यांच्या आधाराने. पुढे त्याच विद्यापीठातील रोझमेरी चॅपिन आणि बेकी फास्ट यांनी हा विचार वृद्धांच्या सेवेत आणला. अडचण नाकारा, असे यांपैकी कोणीही म्हटलेले नाही, आणि हा मुद्दा मी पुन्हा काढणार आहे. इंग्लंडमध्ये या विचाराला बळ मिळाले ते ‘केअर ॲक्ट 2014’मुळे. हा कायदा मुख्यतः एप्रिल 2015पासून लागू झाला आणि त्याच्या पहिल्याच कलमात माणसाचे सर्वांगीण कल्याण साधणे हे कौन्सिलचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

प्रत्यक्षात हे कसे दिसते, याचे एक उदाहरण ओळख पटणार नाही अशा बेताने देते. ऐंशी ओलांडलेले, जन्मभर कापडगिरणीत मेकॅनिक म्हणून राबलेले एक गृहस्थ स्वयंपाकघरात पडले आणि रुग्णालयातून घरी आले. आलेल्या कागदावर लिहिले होते की त्यांना स्वयंपाक करता येत नाही आणि मुलीच्या मते केअर होम पाहावे. त्यांच्याच स्वयंपाकघरात उभे राहून ‘सकाळी चहा कसा करता, तो करून दाखवा’ असे म्हटल्यावर कळले की भरलेली किटली उचलताना त्यांचे मनगट धरत नाही आणि ओट्याशी फार वेळ उभे राहिले की पाय लटपटतात. पण बसून बटाटे सोलणे, गॅस लावणे, भाजी शिजली की नाही हे पाहणे हे सगळे त्यांना नीट जमत होते. ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून साधने व उपाय सुचवणाऱ्या तज्ज्ञाने) उंच, किंचित उतरत्या बैठकीचे स्टूल आणि किटली न उचलता कलती करणारी चौकट दिली. शेजारचे जोडपे या गृहस्थांच्या परसातली मोठ्या निगुतीने वाढवलेली लीक नावाची कांद्याच्या जातीची भाजी घेऊन जायचे आणि आठवड्याचा बाजार आणून द्यायचे. ही देवाणघेवाण आधीपासून चालू होती, ती फक्त कागदावर आली. मात्र आंघोळ आणि सकाळचे कपडे यांसाठी त्यांना माणूस लागत होता, आणि तो कौन्सिलने दिला. असेसमेंटमध्ये, म्हणजे गरजांच्या लेखी मूल्यमापनात, या दोन्ही गोष्टी तितक्याच स्पष्ट लिहिल्या गेल्या.

याच ठिकाणी नवखे लोक घसरतात, म्हणून कायद्याची चौकट समजून घ्या. मदतीला पात्र ठरण्यासाठी तीन गोष्टी पाहतात : गरज शारीरिक वा मानसिक व्याधीतून किंवा अपंगत्वातून आलेली आहे का, तिच्यामुळे ठरवून दिलेल्या दहा बाबींपैकी किमान दोन बाबी साधता येत नाहीत का, आणि त्याचा कल्याणावर लक्षणीय परिणाम होतो का. या दहांत खाणेपिणे, स्वच्छता, शौच, कपडे, घरात सुरक्षित वावर यांच्या जोडीने नातीगोती जपणे आणि गावातल्या सोयींचा वापर करणे हेही आहे. पात्रता ठरवताना घरचे कोणी ती गरज भागवत आहे का, हे विचारात घ्यायचे नसते. मुलगी रोज संध्याकाळी डबा आणून देते म्हणून वडिलांची जेवणाची गरज संपली, असे लिहिता येत नाही. गरज आहे असे आधी नोंदवायचे आणि ती कशी भागवायची हे ठरवताना मुलीचा हातभार मोजायचा. तोही तिची तयारी आणि ताकद दोन्ही असतील तरच, आणि तिला स्वतःचे वेगळे असेसमेंट मागण्याचा हक्क असतो. थोडक्यात, बलस्थानांचा विचार मदतीच्या आराखड्यात येतो. पात्रतेच्या पायरीवर माणसाला मागे ढकलण्यासाठी तो वापरायचा नसतो.

आपल्याला हे विचित्र वाटेल, कारण आपल्याकडचा कायदा उलट्या टोकाने चालतो. 2007च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्यानुसार मुलांवर निर्वाहाची जबाबदारी आहे आणि उपविभागीय अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरण दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता लावू शकते. इंग्लंडमध्ये सज्ञान मुलांवर आईवडिलांना सांभाळण्याचे असे कायदेशीर बंधन नाही. त्यामुळे ‘पोरगा बघत नाही’ ही आपल्या वृद्धाश्रमातली नेहमीची तक्रार इथे दोष म्हणून नोंदवता येत नाही. मुलगा काय करू इच्छितो आणि काय करू इच्छित नाही, एवढेच विचारायचे असते. सेवा फुकटच मिळते असेही नाही. बचत 23,250 पौंडांच्या वर असेल तर बहुतेक खर्च ज्याचा त्याने करायचा असतो; पडझडीनंतर पुन्हा उभे करणारी ‘रीएबलमेंट’ची सेवा मात्र सहा आठवड्यांपर्यंत विनाशुल्क असते.

आपल्या अनुभवाचे मोल किती, या प्रश्नाचे माझे उत्तर दुहेरी आहे. भोवतालचे बळ ओळखण्याची दृष्टी खान्देशात आपोआप तयार होते. यावल-रावेरकडे उन्हाळ्यात बिबडे घालायला चार घरच्या बाया एकत्र येतात तेव्हा हात कापणारी म्हातारी पापड थापत नाही, पण ज्वारीचा घाटा शिजला की कच्चा आहे हे पळीवरून ओघळताना पाहून तीच सांगते, आणि ती ‘उतरवा’ म्हणेपर्यंत पातेल्याला कोणी हात लावत नाही. तिच्या मुलीला विचारले तर ती म्हणेल, ‘आईना हातून आते काहीच व्हत नही.’ एकाच अंगणात ही दोन्ही विधाने ऐकली असतील तर या पद्धतीचा गाभा आपल्याला माहीत आहे. कानबाईच्या रोटांना भाऊबंद एकत्र येतात, आखाजीला लेकी माहेरी येतात. अशा वेळी कोणाच्या शब्दाला मान आहे, कोण कोणाकडे हक्काने जाते, हे आपण न शिकवता टिपतो. इथल्या तरुण सहकाऱ्यांना ते शिकवावे लागते.

दुसरी बाजू अवघड आहे. आपल्याकडे घरभेटीला गेले की खुर्ची मिळते, चहा येतो आणि उत्तरे कर्ता मुलगा देतो. म्हातारे खाटेवर बसून ऐकतात आणि मध्ये बोललेच तर ‘बाबा, तुम्ही थांबा’ असे त्यांना सांगितले जाते. आपणही केस-पेपरवर मुलाचेच म्हणणे उतरवतो, कारण निर्णय तोच घेणार असतो. इंग्लंडमध्ये असे असेसमेंट टिकणार नाही. वृद्ध व्यक्तीला स्वतः काय हवे, हे तिच्या शब्दांत असावे लागते. भाषेची अडचण असेल तर नातेवाइकाऐवजी दुभाषी बोलवायचा. समजण्यात किंवा सांगण्यात फार अडचण असेल आणि योग्य असे कोणी सोबत नसेल तर कौन्सिलने स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, त्या व्यक्तीचे म्हणणे मांडायला मदत करणारा माणूस) द्यायचा. आणि एकदा विचारून भागत नाही. ‘माले काय धाड भरनी!’ म्हणून दुखणे झटकणाऱ्या आजी आपण पाहिल्या आहेत. इथल्या आज्याही ‘मी ठीक आहे’ म्हणतात आणि फ्रिजमध्ये आठवडाभराचे दूध नासलेले असते. अभिमान हे बलस्थान आहे, पण त्याच्या आड गरज दडते. म्हणून नुसते विचारू नका. सोबत उठा, जिना चढा, कपाट उघडायला सांगा.

याच्याच जोडीने ‘मेंटल कपॅसिटी ॲक्ट 2005’ नीट वाचून या. माणूस निर्णय घेण्यास सक्षम आहे असे गृहीत धरूनच सुरुवात करायची, आणि निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून त्याला अक्षम ठरवायचे नाही, ही त्यातली दोन तत्त्वे. क्षमता त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती पाहतात : संबंधित माहिती समजते का, लक्षात राहते का, तिचा विचार करून तोलता येते का, आणि निर्णय कोणत्याही मार्गाने कळवता येतो का. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या बाईंना बँकेचा व्यवहार कदाचित जमणार नाही, तरी कुठे राहायचे हे त्या ठरवू शकतात. तीव्र चढाचा जिना असलेल्या घरातच राहणार म्हणणाऱ्या सक्षम माणसाला केअर होममध्ये हलवण्याचा अधिकार ना आपल्याला असतो ना मुलांना. कठडा बसवणे, गळ्यातले आपत्कालीन बटण देणे, पलंग खाली आणण्याविषयी बोलत राहणे एवढेच आपल्या हाती उरते. आपल्या संस्कारात ही गोष्ट माया नसल्यासारखी वाटते. मुलाखतीत यावर प्रश्न येतोच, म्हणून आधीच मनाशी वाद घालून ठेवा.

या पद्धतीवर टीकाही आहे आणि ती मला बरीचशी पटते. 2010 नंतर कौन्सिलांच्या पैशाला मोठी कात्री लागली, आणि नेमक्या त्याच काळात माणसाची बलस्थाने शोधण्याचा आग्रह वाढला. शेजारी, चर्चचा चहा, पुतण्याची मोटार अशी यादी करून ‘सेवेची आवश्यकता नाही’ असा शेरा मारणे हा नकार देण्याचा गोड मार्ग होऊ शकतो. माझी कसोटी साधी आहे : कागदावर लिहिलेल्या शेजाऱ्याला आपण विचारले आहे का? विचारले नसेल तर ते बलस्थान आपल्या सोयीसाठी लिहिलेले आहे. वरिष्ठ बजेटची आठवण करून देतील तेव्हा पात्रतेचे नियम तोंडपाठ असलेला सोशल वर्करच वृद्धांच्या कामी येतो.

तयारीकडे वळते. नोंदणीसाठी आपली पदवी इथल्या मानकांशी ताडून पाहतात. इथल्या पदवीत 200 दिवस प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे असतात, त्यामुळे आपल्या फील्डवर्कचा तपशील कळीचा ठरतो. कॉलेजकडून समांतर फील्डवर्क (वर्गांसोबत चालणारे) आणि ब्लॉक प्लेसमेंट (सलग चालणारे) यांचे तास, संस्था, पर्यवेक्षक आणि कामाचे स्वरूप लेटरहेडवर लिहून घ्या. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून आपल्या वर्षाचा अभ्यासक्रम साक्षांकित करून घ्या. ही कामे जळगावला स्वतः जाऊन, कारकुनाच्या टेबलापाशी बसून होतात. इंग्लंडहून फोनवर होत नाहीत. इंग्रजीची परीक्षा आणि पोलिसांचा दाखला ही त्या मानाने सरळ कामे आहेत. सोशल वर्करचे पद स्किल्ड वर्कर व्हिसात बसते, पण मालक प्रायोजक असावा लागतो, आणि नोंदणी हातात असल्याशिवाय बहुतेक कौन्सिल अर्जाकडे वळत नाहीत. म्हणून क्रम उलटा करू नका.

आणि राजीनामा देण्याआधी वृद्धाश्रमातल्या एका व्यक्तीची, नाव-गाव बदलून, पुन्हा नोंद करा. जुन्या नोंदीत बहुधा ‘निराधार, उच्च रक्तदाब, मुलगा सुरतेला, श्रावणबाळ योजनेचा लाभार्थी’ असे असेल. नव्या नोंदीत त्या व्यक्तीचा दिवस कसा जातो, ती काय स्वतः करते, कशाला मदत लागते, कोणाच्या भेटीने तिला बरे वाटते आणि तिला पुढे काय हवे आहे, हे तिच्याशी दोन-तीनदा बसून, तिच्याच शब्दांत लिहा. नंतर मुलाशी बोला आणि त्याचे म्हणणे वेगळ्या परिच्छेदात ठेवा. मुलाखतीत ‘अशा पद्धतीने केलेले एखादे काम सांगा’ असे विचारतील तेव्हा हीच नोंद सांगता येईल. ती इंग्रजीत करून मला पाठवलीत तर कुठे गरज पुसट झाली आहे आणि कुठे बलस्थान न विचारता गृहीत धरले आहे, हे मी खुणा करून कळवीन.