समुपदेशन म्हणजे शिकवणी की नाटक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : समुपदेशक समोर बसवून शिकवणीच घेतात, ग्रुप थेरपीत तर चारचौघांसमोर रडायचं असतं, मग याला उपचार म्हणायचं की नाटक? मी मानसशास्त्र शिकवते, उपचार करत नाही. त्या नजरेतून सांगते.

शिकवणी आहे, हे मान्यच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ते कधी लपवलंही नाही. मनोविश्लेषण सोडून 1955च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचा गाभा फळ्यावर मावतो : घटना, तिच्याबद्दलचा आपला समज आणि त्यातून उमटणारी भावना. दुखणं घटनेपेक्षा समजात जास्त असतं, म्हणून समज तपासायला शिका. शिवाय गृहपाठ. सेशनची कॅसेट घरी नेऊन पुन्हा ऐकायची. तासाभरात जे उमगलं ते आठवडाभर वापरलं नाही तर उपयोग नाही, असा त्यांचा खाक्या होता.

आता नाटक. 1965 पासून एलिस न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या आपल्या संस्थेत शुक्रवारी संध्याकाळी जाहीर कार्यशाळा घेत. प्रवेश नाममात्र, कित्येक वर्षं पाच डॉलर. प्रेक्षकांतून कोणीतरी स्वतःहून पुढे यायचं, स्टेजवर एलिससमोर बसायचं आणि आपली अडचण सांगायची. अर्ध्याएक तासाच्या बोलण्यानंतर प्रेक्षकही त्या माणसाला आणि एलिसना प्रश्न विचारत. एलिस शिव्या द्यायचे, विनोद करायचे, प्रसिद्ध चालींवर स्वतः रचलेली विनोदी गाणी लोकांकडून म्हणून घ्यायचे. हा शो होता यात वाद नाही.

पण स्टेजवर बसलेल्या माणसाची अडचण पुष्कळदा काय असते? लोक काय म्हणतील. ही भीती बंद खोलीत सोडवणं म्हणजे कोरड्या जमिनीवर पोहणं शिकणं. इथे ते 'लोक' प्रत्यक्ष समोर बसलेले असतात. आपण आपली लाज सांगतो, आकाश कोसळत नाही, उलट तिसऱ्या रांगेतला कोणी विचारतो, 'माझंही असंच होतं, मी काय करू?' एलिस यांचे लाजेवरचे व्यायाम याच जातीचे : भुयारी रेल्वेत मोठ्याने स्टेशनचं नाव पुकारा, नाहीतर केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं फिरवा. (मुंबईच्या लोकलमध्ये पहिला व्यायाम वाया जाईल, तिथे आधीच इतका गोंगाट असतो.)

मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांची सायकोड्रामा, म्हणजे भूमिका करून उपचार करण्याची पद्धत, मला यापेक्षा सभ्य वाटते. त्यांनी 1936 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथे रुग्णालय काढलं आणि तिथे उपचारासाठी रंगमंचच बांधला. मुलाने बापाची भूमिका करायची, बापाच्या खुर्चीत बसून स्वतःशी बोलायचं. प्रयोग संपल्यावर बघणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त आपल्या आयुष्यातलं काय आठवलं ते सांगायचं. उघडा पडलेला माणूस मग एकटा राहत नाही. एलिसच्या शुक्रवारी हा आडोसा कमी होता.

मराठीत हे नवं नाही. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता आणि ही पद्धत त्यांनी इथे शिकवली. 1990 मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभारणारे डॉ. आनंद नाडकर्णी त्यांच्याच तालमीतले, आणि ते नाटकंही लिहितात. मला हा योगायोग वाटत नाही.

तरी सगळ्यांना स्टेजवर ढकलू नये. लाज, परीक्षेची धास्ती, मुलाखतीची भीती यांना प्रेक्षक मानवतात. लैंगिक अत्याचार, ताजा आघात, आत्महत्येचे विचार यांना बंद दार आणि एकच विश्वासू माणूस हवा. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधंही. तिथे जाहीर कार्यक्रम करणाऱ्यावर मी मुळीच विश्वास ठेवणार नाही.

तुम्ही ग्रुपला जाणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारा : इथलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून काय नियम आहे, गप्प बसायची मुभा आहे का, आणि ग्रुप चालवणाऱ्याने हे कुठे शिकलंय. यूट्यूबसाठी कॅमेरा लावलेला दिसला, तर चप्पल घाला आणि घरी या.