जीव, आत्मा आणि 'आपण'

दारव्ह्याकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: "आजीच्या तेरवीची पत्रिका छापायला टाकली. छापखान्यात 'मृतात्म्यास चिरशांती लाभो' हा मजकूर तयारच होता. काका म्हणाले, आत्मा मरतच नाही तर मृतात्मा कसा? आणि घरात तर कोणी आत्मा म्हणत नाही. बाया म्हणतात, 'तिचा जीव गेला', 'तिचा जीव धाकल्या पोरीत अडकला होता'. जीव आणि आत्मा एकच का? 'जिवास शांती लाभो' असं छापलं तर चालेल का?"

काकांची शंका आधी पाहू. 'मृत असा आत्मा' असा विग्रह केला तर गीतेतल्या 'न जायते म्रियते वा कदाचित्'शी भांडण होतं, हे खरं. पण हा षष्ठी तत्पुरुष आहे: मृताचा आत्मा. मेलेला माणूस, आत्मा नव्हे. शब्द बरोबर आहे.

जीव आणि आत्मा यांचा अर्थ कोशात शोधण्याआधी त्यांच्यासोबत कोणती क्रियापदं येतात ते पाहा. जीव जातो, येतो, लागतो, रमतो, गुंततो, तुटतो, टांगणीला लागतो, भांड्यात पडतो. तो मुठीत धरून पळता येतं, दुसऱ्याला लावता येतो, दुसऱ्यासाठी ओवाळून टाकता येतो. आता यातल्या एखाद्या जागी आत्मा घालून बघा. 'परीक्षेचा निकाल लागला अन् आत्मा भांड्यात पडला' असं कोणी म्हणणार नाही. बोलण्यातला आत्मा फार तर शांत होतो, तळमळतो किंवा भटकतो. पोटभर भाकर खाल्ली की 'आत्माराम थंड झाला' म्हणतात, तेवढाच तो जेवणाच्या पाटापर्यंत येतो. आत्मा पोथीतून आला, जीव चुलीपाशीच होता.

आजीबद्दलचं वाक्य मला म्हणूनच मोलाचं वाटतं. 'पोरीत अडकला.' जीव आपल्याच कुडीत असतो असं मराठी मानत नाही. तो दुसऱ्या माणसात राहू शकतो, म्हशीत, वावरात, अर्ध्या बांधलेल्या घरात राहू शकतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा लोक उठून हात जोडतात, 'पोरीचं लगन आम्ही करतो, चिंता करू नको' असं म्हणतात. तेव्हा मेलेल्या माणसाचा काही भाग जित्या माणसांत उरला आहे हे सगळ्यांनी मानलेलंच असतं.

माणूस गेला त्या दिवशीचं बोलणं आठवा. 'बुढी गेली.' 'पहाटे जीव गेला तिचा.' 'माती किती वाजता हाय?' गेली कोण? पहिल्या वाक्यात ती स्वतः गेली. दुसऱ्यात तिच्या मालकीचं काही गेलं, म्हणजे ती त्या जिवाहून वेगळी. आणि तिसऱ्यात देह दुपारपर्यंत 'माती' झालेला आहे. 'मातीले जाऊन आलो' म्हणताना त्या मातीला नाव लावायची गरजही पडत नाही. माणूस, त्याचा जीव आणि त्याची कुडी, अशा तीन गोष्टी या तीन वाक्यांत वेगवेगळ्या होतात, आणि त्यासाठी कोणाला तत्त्वज्ञान शिकावं लागत नाही.

जीव फक्त माणसाचा नाही, हेही लक्षात घ्या. पोळ्याला खांदे शेकलेला बैल हा 'मुका जीव'. गरोदर बाई 'दोन जिवांची'; तिला 'दोन आत्म्यांची' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. हिब्रू भाषेतला 'नेफेश' याच जातीचा शब्द आहे. त्याच्या अर्थांत गळा आहे, श्वास आहे, जिवंत प्राणी आहे, आणि बायबलच्या उत्पत्तीच्या कथेत तो पाण्यातल्या जनावरांनाही लावला आहे. ग्रीक भाषेत अरिस्टॉटलचा 'प्सुखे' झाडापासून माणसापर्यंत सगळ्या सजीवांत असतो, फक्त त्याच्या शक्ती वाढत जातात. आपल्या 'जीव' शब्दाची सोयरीक अशा शब्दांशी आहे.

विदर्भात तर एकाच गावात या शब्दाला वेगवेगळे धनी आहेत. महानुभावांचं ऋद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' तिथेच सिद्ध झालं. त्यांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र पदार्थ आहेत. जीव परमेश्वर होत नाही, वेगळाच राहतो. जैनांच्या दृष्टीने आत्म्यासाठीचा मुख्य शब्दच जीव, आणि तो पाण्यातल्या एकच इंद्रिय असलेल्या जिवापासून पाचही इंद्रियं असलेल्यापर्यंत पसरलेला. बौद्ध घरांत मात्र आत्मा ही संकल्पनाच मान्य नाही. नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून तिथल्या पत्रिकेवर 'मृतात्म्यास' नसतं, 'पुण्यानुमोदन' किंवा 'जलदान विधी' असतं. तरी त्या घरातली बाईसुद्धा 'पहाटे जीव गेला' असंच म्हणते. दर्शन बदललं तरी हे वाक्य बदलत नाही. जीव या शब्दाने कोणत्याच पोथीची सही मागितलेली नाही, असं मला वाटतं.

सगळ्यात नेमकी वाटणी गोंडांकडे आहे. पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबादच्या राजगोंडांत 1940च्या दशकात राहून फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने जे नोंदवलं त्यानुसार, माणूस मेला की त्याचा 'जीव' भगवानाकडे परत जातो आणि पुन्हा एखाद्या बाळात पाठवला जातो. पण तो माणूस म्हणून जो होता, तो 'सनाल'. तो पितरांत जातो, कुळाच्या देवाजवळ राहतो. जीव फिरता राहतो आणि सनाल घरचा राहतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1694 साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'माणूस' आणि 'व्यक्ती' या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आणि व्यक्तीची ओळख स्मृतीवर, जाणिवेवर उभी केली. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली तर तो कोण, असं त्याने विचारलं. सनालची ओळख मात्र एकट्याच्या स्मृतीवर उभी नाही, ती कुळावर उभी आहे.

आपल्या गावातही ओळख अशीच विचारतात. अनोळखी पोरगा पारावर दिसला की 'तुझं नाव काय' नंतर येतं, आधी येतं, 'कोनाचा रे तू?' 'व्यक्ती' हा शब्द तिथे फारसा कामाचा नाही. संस्कृतात त्याचा अर्थ प्रकट होणं, दिसू लागणं. गीतेत 'अव्यक्तं व्यक्तिमापन्नम्' असा आहे. मराठीत तो अर्जावर आणि रेशन कार्डावर आला. घरात 'माणूस' चालतो, आणि 'आपला माणूस' त्याहून जास्त चालतो.

आणि इथेच तुमच्या प्रश्नातला आत्मा पुन्हा भेटतो. 'आपण' हा शब्द 'आत्मन्'पासूनच आला आहे. संस्कृत आत्मन्, प्राकृतात अप्पा, अप्पाण, आणि मग मराठीत आपण, आपला, आपोआप. (आप्त, आप्तेष्ट यांचा यात संबंध नाही, त्यांचा धातू वेगळा.) छापखान्यातला आत्मा जसाच्या तसा संस्कृतातून उचललेला आहे, पण बोलण्यातून झिजत आलेला खरा वारस 'आपण' आहे. तो काय काय होतो पाहा. 'आपन नाही जात बाप्पा', इथे तो मी. 'आपण बसावं', इथे तो तुम्ही. 'आपण मिळून वावर निंदून टाकू', इथे तो मी आणि तू दोघं. 'आम्ही'तून ऐकणारा वगळला जातो, 'आपण'मधून नाही. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' असा हाच भेद आहे. उपनिषदांत ज्याचा शोध एकांतात घेतला, तो शब्द आपल्याकडे येईपर्यंत समोरच्याला धरूनच बोलू लागला. मला या शब्दाचं याहून मोठं काही वाटत नाही.

तर पत्रिकेत 'जिवास शांती' नको. जीव जाणारा आहे. शांती मागायची ती जे मागे राहतं असं मानतात त्याच्यासाठी, म्हणून तिथे आत्माच बसतो. 'मृतात्म्यास' निर्धास्त छापा. जीव इतरत्र लिहाल तेव्हा जिवाला, जिवाभावाचा असं ऱ्हस्व लिहा. जीवात्मा, जीवसृष्टी यांत दीर्घ.

एक विनंती आहे. 'तिचा जीव धाकल्या पोरीत अडकला होता' हे ज्या बाईने म्हटलं, तिला पुन्हा विचारा, ती 'अडकला' म्हणते की 'अटकला'. माझ्याकडच्या बाया 'अटकला' म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात ते कळवा.