‘मॅडम, मी खाते तरी किती?’

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत लोक येतात ते नवरा-बायकोच्या भांडणांसाठी, मुलांच्या दहावी-बारावीसाठी, झोप लागत नाही म्हणून. वजनासाठी समुपदेशकाकडे मुद्दाम कोणी येत नाही. त्यासाठी जिम आहे, डाएटिशियन आहे, कॉलनीतल्या शेक विकणाऱ्या वहिनी आहेत. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, विषय भलताच चाललेला असताना, हे वाक्य येतंच: ‘मी खाते तरी किती? तरी वजन वाढतंय. माझ्या मनावर माझाच ताबा नाही.’ पुरुषही म्हणतात, फक्त जरा हसत म्हणतात. हे इतक्यांदा ऐकलं की एकदा सविस्तर लिहून टाकायचं ठरवलं.

सुनंदाताईंना मुलीनं आणलं होतं, चिडचिड वाढली म्हणून. (नाव बदललेलं आहे आणि या सुनंदाताईंमध्ये आणखी दोघी-तिघी मिसळलेल्या आहेत.) वय ५२, नाशिकरोडला सरकारी कार्यालयात नोकरी, राहायला इंदिरानगर, माहेर सिन्नर तालुक्यातलं. वजन ७८ किलो. थायरॉईड ठीक, साखर ‘बॉर्डरवर’. तपासण्यांचं मी आधीच विचारते. थायरॉईडमुळे किंवा एखाद्या औषधामुळे वजन वाढत असेल तर तिथे माझ्या गप्पांचा उपयोग नाही.

‘वजनासाठी काय काय केलंत?’

‘काय नाही केलं ते विचारा.’

कीटो झालं होतं, फक्त फळांवर राहून झालं होतं, ओव्याचं पाणी झालं होतं. शिवाय सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. दरवेळी सहा-सात किलो उतरायचे आणि वर्षभरात व्याजासकट परत यायचे. सध्याचा दिनक्रम असा: सकाळी लिंबू-मध पाणी, दुपारी दोन फुलके आणि भाजी, रात्री सूप.

‘सूपनंतर?’

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी शहाणी, फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेली.

‘उभ्यानं काहीबाही होतं.’

उभ्यानं खाल्लेलं आपल्याकडे मोजायचं नसतं. दिवा न लावता ओट्यापाशी उभं राहायचं, आधी शेवेच्या डब्यात हात, मग शेंगदाण्याचा लाडू, मग मुलीची बिस्किटं. सकाळी उठलं की स्वतःला शिव्या आणि पुन्हा लिंबूपाणी. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपण चेष्टेत वापरतो. त्यात शरीरशास्त्र किती खरं आहे ते कोणी सांगत नाही.

म्हणून ‘मी कमीच खाते’ म्हणणाऱ्या माणसाला मी खोटारडं समजत नाही. १९९२ साली अमेरिकेत अशाच तक्रारीच्या लोकांचं खाणं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च नेमका मोजला गेला. सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा जवळपास निम्मं निघालं. त्यांना जे आठवत होतं ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. दिवसभराचा संयम लख्ख लक्षात राहतो, रात्रीची दहा मिनिटं राहत नाहीत.

पुढच्या एका भेटीत मी सहज विचारलं, ‘झोपायच्या आधी मोबाईलवर काय बघता?’

त्या ओशाळल्या. ‘रेसिपीचे रील्स. तासन्‌तास. करत तर काहीच नाही. पण बघते.’

‘एरवीही बघता, की डाएट चालू असतानाच?’

थोडा वेळ आठवून म्हणाल्या, ‘डाएट चालू असतानाच की हो.’

इथे मला धागा सापडला. माझ्या शिक्षणात मनाच्या आतल्या गाठींवर फार भर होता. आई-वडील, बालपण, दडपलेल्या भावना. ते सगळं खरंच आहे. पण इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय की खाण्याच्या बाबतीत आधी शरीराला विचारावं, मन त्याच्या मागून येतं. मी त्यांना अमेरिकेतल्या मिनेसोटाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे निम्म्या खुराकावर ठेवलं. वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. पण गंमत पुढे आहे. ज्या तरुणांनी आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नसेल, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ताट चाटू लागले, चिडचिडे झाले, त्यांना दुसरं काही सुचेना. आणि प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी त्यांची भूक भागेना. चरबी पूर्वीपेक्षा जास्त चढली.

‘म्हणजे माझे रील्स...’

‘ती तुमची पाककृतींची पुस्तकं. आणि मुलगी ज्यासाठी तुम्हाला इथे घेऊन आली ती चिडचिडही त्याच यादीतली.’

त्या बराच वेळ हसत होत्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आत काय चालतं तेही सांगते, कारण शिव्या थांबतात त्या इथेच. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं ते शोधलं. साठा किती आहे याचा तो मेंदूला जाणारा निरोप. वजन झपाट्यानं उतरलं की लेप्टिन घटतं, भुकेचं घ्रेलिन वाढतं, आणि मेंदूचा समज होतो की दुष्काळ पडला. २०११ च्या एका अभ्यासात वजन उतरवून वर्ष झालं तरी ही संप्रेरकं पूर्ववत झालेली नव्हती. आणि खर्चाची बाजू तर आणखी चमत्कारिक. अमेरिकेत टीव्हीवरच्या स्पर्धेत झपाट्यानं वजन घटवलेल्या १४ जणांना संशोधक केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, तरी त्यांचं शरीर बसल्या जागी दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे चार-पाच पोळ्यांची काटकसर, रोज, न सांगता. नवऱ्याच्या पगाराचा भरवसा राहिला नाही की संसारी बाई डाळीच्या डब्यात नोटा दडवते, आणि पगार नियमित झाला तरी कितीतरी दिवस दडवतच राहते. तिला कंजूष म्हणण्यात काय अर्थ आहे?

ही सवय शरीराला लागली कशी, यावर वाद आहेत. जेम्स नील या आनुवंशशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये मांडलं की दुष्काळांत तगले ते चरबी साठवणारे, आणि आपण त्यांचे वंशज. जीवशास्त्रज्ञ जॉन स्पीकमन यांना हे पटत नाही. दुष्काळांनी इतकी कडक निवड केली असती तर आज सगळेच लठ्ठ असते, ते म्हणतात. त्यांच्या मते जाड माणूस वाघ-सिंहांच्या तावडीत सापडायचा; ती भीती सरली आणि वजनाच्या वरच्या मर्यादेवरचा पहारा सुटला. मला नीलची गोष्ट अपुरी वाटते, पण समोर बसलेल्या माणसाला ती जितकी लागू पडते तितकी दुसरी कुठली नाही. त्याचं कारण सुनंदाताईंच्या आईनं सांगितलं.

आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आल्या होत्या. घरी एकट्या कशा ठेवायच्या म्हणून बरोबर आणलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘ही ल्हानपणापासून हावरटच. ताट पुसून खाणार.’

सुनंदाताईंचा चेहरा उतरला. हा शब्द घरात त्यांच्या नावालाच चिकटलेला होता. मी आजींना विचारलं, ‘जन्म कधीचा हो यांचा?’

‘दुष्काळातली ना ही. भात्तरचा दुष्काळ. पोळ्याच्या आसपास झाली, त्र्याहात्तर साली. ही पोटात व्हती तवा म्या पाझर तलावावर खडी फोडायची. मिलोची (रेशनवरच्या लाल ज्वारीची) लाल भाकर, घशाखाली उतरत न्हवती. सुकडी भेटायची ती थोरल्याला द्यायची. ही झाली ती येवढीशी. सुईण म्हनली, हिला लोणी चाटवा. लोणी कुठलं? जनावरं कवाच इकलेली.’

‘आई, हे तू कधी बोलली नाहीस.’

‘तू इचारलं कुठं?’

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. मग सुनंदाताई अगदी हळू म्हणाल्या, ‘म्हणजे मी हावरट नव्हते.’

अशा क्षणी समुपदेशकानं गप्प बसावं, आणि ते मला आता बऱ्यापैकी जमतं. आजीच म्हणाल्या, ‘न्हाय गं. उपाशी व्हतीस.’

आता थोडं सावधपणे. एका बाईच्या ५२ व्या वर्षीच्या वजनाचं खापर १९७३ च्या मिलोवर फोडता येत नाही, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. पण हे अगदी हवेतलंही नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडची रसद तोडली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांना मोठेपणी साखरेच्या तक्रारी जास्त झाल्या. आपल्या जवळचं उदाहरण तर पुण्याचं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण चरबी मात्र जवळजवळ शाबूत. दिसायला बारीक, आतून जाड. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३, पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणूनच आपल्याला बीएमआय २३ च्या पुढे गेला की जपावं लागतं, आणि काट्यापेक्षा टेप महत्त्वाची. कंबर बायकांची ८० सेंटीमीटर, पुरुषांची ९०, याच्या वर नको.

या दिवसानंतर सुनंदाताईंचं काम सोपं झालं. मी पहिली गोष्ट करायला लावली ती म्हणजे सकाळचं पोटभर खाणं. त्या घाबरल्या. ‘वाढेल ना!’ मी म्हटलं, महिनाभर वाढू दे. मुगाचं धिरडं, उसळ, दही, अंडं, जे घरात रुचेल ते. प्रथिनं मात्र हवीत. हे चार तऱ्हेचे उपास आठवड्याला एकावर आणले, आणि तोही साबुदाणा-बटाट्याचा नाही. (देवाला याचं काही वाटेल असं मला वाटत नाही, पण हा निर्णय त्यांचा त्यांनी घेतला.) रात्री सूपऐवजी भाकरी, वरण, भाजी, ताट वाढून, बसून. रात्रीचं ओट्यापाशी उभं राहणं बंद करा असं मी एकदाही सांगितलं नाही. दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप विरळ झालं. दिवसा पोट भरलेलं असलं की रात्री कोण कशाला अंधारात डबे उघडेल?

दुसरं काम स्वयंपाकघराचं. दुष्काळाच्या तयारीनं बसलेल्या शरीरासमोर आज खाण्याच्या दुकानांनी भरलेला कॉलेज रोड उभा आहे. हॉल यांनीच २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न, पाहिजे तेवढं खा म्हणून दिलं. तयार खाण्यावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. तेव्हा शेवेचा डबा माळ्यावर गेला. मिसळ बंद नाही. नाशिकमध्ये राहून ती बंद करायला सांगणारा सल्लागार टिकणार नाही. महिन्यातून एकदा रविवारी, बसून, सगळ्यांबरोबर, पापड-दह्यासकट.

चालण्याबद्दल एक कडू गोष्ट. टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांची दिवसाची चाल आपल्या कैकपट, पण मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्ट्झर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की शरीराच्या आकारमानाच्या हिशेबानं त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरी माणसाइतकाच भरतो. शरीर इकडे खर्च झाला की तिकडे हात आखडतं. त्यामुळे ट्रॅकवरच्या फेऱ्यांनी वजन उतरेल या आशेवर चालू नका. साखरेसाठी, झोपेसाठी, मूडसाठी चाला, त्यासाठी चालण्यासारखं दुसरं औषध नाही. आणि आठवड्यातून दोनदा काहीतरी जड उचला. ‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच मंदावतं’ हेही फारसं खरं नाही. पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजमापांवरून दाखवलं की विशीपासून साठीपर्यंत, आकारमानाच्या हिशेबात, ते जवळपास स्थिर असतं. रजोनिवृत्तीच्या सुमारास बदलतं ते वेगळंच: स्नायू घटतात, चरबी पोटाकडे सरकते, झोप मोडते.

वर्षभरात सुनंदाताईंचं वजन ७८ चं ७४ झालं. त्यांच्या मैत्रिणींना यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं, कारण ते तिथे टिकलं, कंबर उतरली, साखर बॉर्डरच्या आत आली आणि रील्स आपोआप थांबले.

हल्ली त्यांचा आणि बहुतेक सगळ्यांचा प्रश्न असतो वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जूनमध्ये भारतात आलं, आणि तेव्हापासून आठवडा त्याशिवाय जात नाही. ‘घेतलं तर हरल्यासारखं होईल का?’ नाही. ही औषधं भूक आणि तृप्ती यांच्या निरोपांवरच काम करतात, म्हणजे चूक इच्छाशक्तीची नव्हती याचा तो एक पुरावाच झाला. घ्यायचं की नाही हे तुमची साखर, हृदय, वजन पाहून डॉक्टर ठरवतील. मी त्यांच्यासाठी दोन प्रश्न लिहून न्यायला सांगते. पहिला, थांबवल्यावर काय? वेगोव्हीतलं औषध थांबवलेल्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात सुमारे दोन तृतीयांश परत आलं, तेव्हा हे पहिल्याच दिवशी विचारायचं. दुसरा, स्नायू कसे राखायचे, कारण चरबीबरोबर तेही जातात आणि आपल्याकडे ते मुळातच थोडे. सुनंदाताईंनी तूर्त न घ्यायचं ठरवलंय. त्यांच्या धाकट्या जावेनं सुरू केलंय, तिची साखर बरीच वर होती. मी दोघींनाही हेच सांगितलंय की सकाळचं पोटभर खाणं कोणीच सोडायचं नाही.