गाडी खाली करताना अंगावर येणारा माल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोर घट्ट बांधलेले होते, तरी फाळका (गाडीची उघडणारी फळी) उघडताच पोती अंगावर आली. असं का होतं?

निघताना घट्ट असलेला दोर पोचेपर्यंत तसाच राहत नाही. हादऱ्यांनी पोत्यांतला माल दबतो, थप्पी बसते, दोर सैल पडतो. घाट चढताना माल मागे सरकतो, वळणांवर कलतो आणि सगळा रेटा फाळक्यावर येतो. फाळक्याची खिट्टी हलत नसेल तर हातोडा घेऊ नका. मागून माल दाबतोय म्हणूनच ती अडकलेली असते. आधी विरुद्ध बाजूने चढून वरचे दोन-तीन थर उतरवा. थप्पी कललेली असेल त्या बाजूला एकही माणूस नको, आणि दोरही पलीकडूनच सोडा. फाळका उघडणाऱ्याने त्याच्यासमोर नव्हे, टोकाला उभं राहावं. त्याआधी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओंडके लावा.

उतरवताना घाईने मधलं पोतं ओढतात, तेही तितकंच घातक. वरून खाली, पायऱ्या ठेवतच या.

प्रश्न : कंटेनरचं दार कसं उघडावं?

दोन्ही दारांच्या दांड्यांना पट्टा असा बांधा की दार वीतभरच उघडेल. आधी उजवं दार. फटीतून बॅटरीने पाहा. माल दाराला टेकला असेल तर पट्टा सोडू नका.

प्रश्न : हेल्मेट पुरेसं आहे का?

नाही. अडीच मीटरवरून पडलेलं ५० किलोचं पोतं ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने आदळतं. हेल्मेटच्या युरोपीय मानकात (ईएन ३९७) ५ किलोचं वजन एक मीटरवरून टाकून चाचणी घेतात. पोत्याचा आघात त्याच्या पंचवीसपट होतो. लोखंडी आकडा किंवा खिट्टी वरून पडली तर हेल्मेट वाचवतं, म्हणून ते घालाच.

प्रश्न : पोतं मानेवर पडलं. मुकादम म्हणतो, “भरपाईसाठी ठेकेदाराकडे जा.”

सर्वांत आधी जखमीला बखोटीला धरून उठवू-बसवू नका, पाणी पाजू नका. मान जशी आहे तशी दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ला फोन करा. मुकादमाचं म्हणणं चुकीचं आहे. काम मालकाच्या धंद्याचं आणि त्याच्याच आवारात असेल, तर माणूस ठेकेदाराचा असला तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. मालक ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. माथाडी मंडळात नोंद असेल तर मंडळालाही त्याच दिवशी लेखी कळवा. डॉक्टरांच्या कागदावर “कामावर माल पडून” असं लिहून घ्या. नुसतं “पडल्याने” लिहिलं, की दाव्यात तोच शब्द आडवा येतो.