वाचकांचे प्रश्न : फ्लॅश मेमरीतला चार्ज सिम्युलेशनमध्ये

प्रश्न : चार्ज-ट्रॅप फ्लॅश सेलचं (नायट्राइडच्या थरात इलेक्ट्रॉन अडकवून माहिती साठवणाऱ्या मेमरी सेलचं) सिम्युलेशन करते आहे. थरांची जाडी : सिलिकॉनलगतचं टनेल ऑक्साइड ४, मधलं नायट्राइड ६ आणि गेटलगतचं ब्लॉकिंग ऑक्साइड ६ नॅनोमीटर. प्रोग्रॅमिंगचा (इलेक्ट्रॉन भरण्याचा) आलेख मोजमापांशी छान जुळतो. पण ८५ अंश सेल्सिअसला थ्रेशोल्ड व्होल्टेज (सेल चालू व्हायला गेटवर लागणारं व्होल्टेज) बराच वेळ जागचं हलत नाही आणि मग एकदम कोसळतं. प्रत्यक्षात ते पहिल्या मिनिटापासून हळूहळू उतरतं. कुठे चुकतंय?
– एम.टेक.ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नायट्राइडमधले सगळे ट्रॅप (इलेक्ट्रॉन अडकण्याच्या जागा) तुम्ही ऊर्जेच्या एकाच खोलीवर ठेवले असणार, आलेखाचा आकारच तसं सांगतो. ट्रॅपमधून इलेक्ट्रॉन सुटायला लागणारा वेळ खोलीनुसार घातांकाने वाढतो. सुटण्याच्या प्रयत्नांची वारंवारता सेकंदाला १० लाख कोटी धरा. खोली १.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल तर ८५ अंशांना हा वेळ दोन तासांच्या आसपास येतो, १.३ असेल तर सव्वादोन दिवस! म्हणजे नुसत्या ०.१ ने २५ पट फरक. एकच खोली दिली की सगळे इलेक्ट्रॉन जवळपास एकाच सुमारास निघतात, आणि लॉग वेळेच्या अक्षावर तो कडाच दिसतो.

१.० ते १.६ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत ०.०५ च्या अंतराने १३ पातळ्या द्या आणि ट्रॅपची घनता त्यांत वाटा. आलेख सरळ उतरू लागेल. सुटलेला इलेक्ट्रॉन नायट्राइडमध्येच पुन्हा अडकू शकतो, हेही समीकरणात हवं; नाहीतर गळती फार जास्त दिसते. वेळेची पायरी लॉग पद्धतीनेच वाढवा, कारण १० वर्षं म्हणजे ३१.५ कोटी सेकंद.

पण त्याआधी एक हिशेब हातानं कराच. नायट्राइडच्या मध्यावर दर चौरस सेंटिमीटरला ५ लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर थ्रेशोल्ड साधारण १.७५ व्होल्टने सरकायला हवा. सिम्युलेटर याहून बराच वेगळा आकडा देत असेल तर ट्रॅपचे आकडे फिरवत बसू नका. बहुधा घनफळातली घनता आणि पृष्ठभागावरची घनता यांची गल्लत झालेली असते. ३० बाय ३० नॅनोमीटरच्या सेलमध्ये हे जेमतेम ४५ इलेक्ट्रॉन होतात. एक निसटला की जवळपास ४० मिलिव्होल्ट गेले! इतक्या लहान सेलसाठी सरासरी घनतेचं मॉडेल पुरत नाही. इलेक्ट्रॉन एकेक मोजणारं मॉन्टे कार्लो (यादृच्छिक आकड्यांवर चालणारं सिम्युलेशन) लागतं.

प्रश्न : इरेज करताना (सेलमधली माहिती पुसताना) थ्रेशोल्ड खालीखालीच जातो. मोजमापात दिसणारं सॅच्युरेशन (एका पातळीवर थांबणं) येतच नाही.
– संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : ब्लॉकिंग ऑक्साइडमधून होणारं टनेलिंग (इलेक्ट्रॉनचं पातळ थरातून आरपार जाणं) तुमच्या मॉडेलमध्ये बंद असेल, ते सुरू करा. इरेजच्या वेळी गेटकडून इलेक्ट्रॉन नायट्राइडमध्ये शिरतात. सिलिकॉनकडून येणारे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन चार्जसारख्या वागतात) आणि हे इलेक्ट्रॉन यांची बरोबरी झाली की थ्रेशोल्ड थांबतो. मग गेटचं वर्क फंक्शन (त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) वाढवून बघा, किंवा ब्लॉकिंग थराला अॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणजेच अ‍ॅल्युमिना द्या. तिथलं विद्युत क्षेत्र कमी होतं आणि सॅच्युरेशनची पातळी खाली सरकते.