पीआयडी नसलेल्या एस्प्रेसो मशीनवर कॉफी एक दिवस आंबट, एक दिवस कडू का लागते? तापमान कसं सांभाळायचं?

तुमच्याकडे रॅन्सिलिओ सिल्व्हिया आहे, पीआयडी (तापमान सतत मोजून हीटर नेमका सांभाळणारा नियंत्रक) बसवलेला नाही, बीन्स आणि ग्राइंड तेच ठेवूनही चव रोज बदलते, असं तुम्ही लिहिलंय. मशीन बिघडलेलं नाही. हीटर चालू-बंद होण्याच्या चक्रातल्या कोणत्या क्षणी तुम्ही बटण दाबता, त्यावर ही चव ठरते आहे.

सिल्व्हियात ३०० मिलीचा पितळी बॉयलर असतो आणि त्याच्यावर बाहेरून बसवलेला साधा थर्मोस्टॅट. पाणी निवलं की तो हीटर चालू करतो, तापलं की बंद करतो. मधलं काही त्याला कळत नाही. बाहेर बसल्यामुळे त्याला खबर उशिरा लागते, आणि हीटर बंद झाल्यावरही त्याच्या अंगातली उष्णता पाण्यात उतरत राहते. त्यामुळे एका चक्रात तापमान सहज १०-१५ अंश वर-खाली होतं. बहुतेक एस्प्रेसोला चालणारी पट्टी मात्र साधारण ९० ते ९६ अंशांची. म्हणून अचूक आकड्याच्या मागे लागण्याआधी एकच गोष्ट साधा: रोज चक्राच्या त्याच टप्प्यावर शॉट (म्हणजे कॉफी काढणं) सुरू करायचा.

आधी मशीन नीट तापू द्या. केशरी दिवा काही मिनिटांतच विझतो आणि लोक फसतात. तेव्हा फक्त बॉयलर तापलेला असतो. ग्रूप हेड म्हणजे जिथून पाणी कॉफीवर पडतं तो पितळेचा जाड ठोकळा, त्याला निदान अर्धा तास लागतो. पोर्टाफिल्टर (पूड भरायचा दांडीवाला भाग) रिकामा पण लावूनच ठेवा. त्याचा धातूचा भाग हाताला धरवेनासा झाला की समजा तयार. काही आवृत्त्या अर्ध्या तासाने आपोआप बंद होतात, तिकडे लक्ष असू द्या.

आता ग्राइंड करून, टॅम्प करून (पूड दाबून) पोर्टाफिल्टर ओट्यावर तयार ठेवा. ग्रूपखाली कप धरून दिवा लागेपर्यंत पाणी सोडा. दिवा लागला की पाणी बंद. हा तुमचा शून्याचा दगड. दिवा विझायची वाट बघा आणि विझल्या क्षणापासून घड्याळ लावा. पहिला अर्धा मिनिट काही करू नका, कारण तेव्हा तापमान अजून चढत असतं. त्यानंतर ते सावकाश उतरायला लागतं. सुरुवातीला ६० सेकंदांवर पोर्टाफिल्टर लावा आणि लगेच शॉट घ्या. कडू, जळकट लागला तर पुढच्या वेळी ८० सेकंद थांबा. आंबट आणि पातळ लागला तर ४०. एका वेळी २० सेकंदांपेक्षा जास्त हलवू नका, आणि त्या दिवशी दुसरं काहीही बदलू नका.

घड्याळ दिवा लागल्यापासून न लावता विझल्यापासून लावायचं, याला आपल्याकडे खास कारण आहे. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील तर ताकद तीन चतुर्थांशच उरते, मग तेवढंच पाणी तापायला बराच जास्त वेळ लागतो. दिवा किती वेळ जळला हे रोज वेगळं असेल, पण तो विझतो ते थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानालाच.

पाणी सोडताना शॉवर स्क्रीनकडे, म्हणजे ग्रूपच्या तळाच्या जाळीकडे बघा. बॉयलर फार तापलेला असेल तर आधी फुसफुस करत वाफ आणि तुटक थेंब येतात, मग धार सलग होते. उकळबिंदूच्या खाली आल्याची ही खूण आहे. मुंबईत ती १०० अंशांची, पुण्यात साधारण ९८ ची, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपासची. म्हणजे मुंबईकराने सांगितलेलं ‘फुसफुस थांबली की दहा सेकंदांनी’ हे गणित पुण्यात जसंच्या तसं चालणार नाही.

कपातलं पाणी थर्मामीटरने मोजून घाबरू नका. हवेतून पडताना आणि कपाला लागून ते बरेच अंश निवतं. हे मोजमाप आजची उद्याशी तुलना करण्यापुरतं चांगलं. खरा आकडा हवाच असेल तर के-टाइप थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) बारीक तार बास्केटच्या, म्हणजे पूड बसते त्या जाळीदार वाटीच्या कडेवरून आत, कॉफीच्या थराच्या वर येईल अशी घाला.

किती अंश हवेत, हे भाजणीवर ठरतं. इटलीतला प्रमाणित एस्प्रेसो मशीनमधून ८८ अंशांवर, दोन अंश इकडे-तिकडे धरून निघालेल्या पाण्याचा असतो. गडद भाजणीला ते ठीक. चिकमगळूरची हलकी भाजलेली अरेबिका असेल तर ९३-९५ शिवाय तिचा आंबटपणा गोडव्याकडे वळत नाही, म्हणून थांबण्याचा वेळ कमी ठेवा. पण १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद हे आधी जमलेलं असू द्या. पाणी पुडीतून एकाच फटीने धावत असेल तर कॉफी आंबट आणि कडू दोन्ही लागते, आणि त्यावर तापमानाचा इलाज नाही.

दूध तापवल्यावर लगेच दुसरा शॉट घेतलात तर तो हमखास जळतो, कारण वाफेसाठी बॉयलर १४० अंशांपर्यंत गेलेला असतो. स्टीमचं बटण बंद करून वँडमधून (वाफेच्या नळीतून) गरम पाणी सोडा. थुंकल्यासारखं फुटणं थांबून सलग पाणी येईपर्यंत आणि दिवा लागेपर्यंत सोडत राहा. वाफेत गेलेलं पाणीही यातूनच बॉयलरमध्ये परत भरतं. ते न भरल्यास हीटर उघडा पडून जळू शकतो.

बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरत असाल तर आतून क्षार चढतो, उष्णता उशिरा पोचते आणि बसवलेली वेळ महिन्या-दोन महिन्यांत सरकते. निव्वळ आरओचं पाणी घातलंत तर कॉफी सपक लागते. दोन्ही मिसळून वापरा.

पुढे पीआयडी लावलात तर पडद्यावर १०५ दिसलं म्हणून दचकू नका. सेन्सर बॉयलरवर असतो, आणि कॉफीपर्यंत येताना ते ९३ च्या आसपास उतरतं. वायरिंग करताना प्लग काढलेला हवा, आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा सुरक्षा थर्मोस्टॅट कोणत्याही कारणाने बायपास करू नका. ग्रूप तापायला लागणारा अर्धा तास मात्र पीआयडी लावूनही तसाच राहतो.